पसंतीला दिलेली करवतकाठी

साड्यांच्या दुकानात गादीवर बसलेल्या बाईला नाव नसतं. तिला 'ए बाई' म्हणतात, 'अहो, ती कोपऱ्यातली' म्हणतात, आणि गिऱ्हाईक कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं असेल तर नुसती चुटकी वाजवतात. मी नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या दुकानात रेशीम काउंटरवर बसते. माझं नाव चारुलता आहे हे आमच्या शेठना पगाराच्या दिवशी आठवतं आणि माझ्या नवऱ्याला गॅस संपल्यावर. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण दुकानात वाटून घ्यायची सोय नाही. फारच वाटलं तर घडी घालताना साडी जरा जोरात झटकायची, एवढीच काय ती परवानगी.

रेशीम काउंटरपर्यंत पोचायला मला सहा वर्षं लागली. त्याआधी मी तळघरात परकर आणि अस्तर विकत होते. तळघरात कूलरची हवा उतरत नाही, मोबाइलला रेंज नसते, आणि बायका परकराच्या नाडीच्या रंगावरून असं भांडतात की वाटावं नाडी बाहेर काढूनच नेसणार आहेत. तिथून वर आले तेव्हा मी मनीषनगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. नवरा, रविंद्र, म्हणाला होता, "पगार तर तोच आहे, मग पेढे काहून?" ज्या माणसाने कधी मे महिन्यात तळघरात अस्तर मोजलं नाही, त्याला काय सांगायचं?

आमचे शेठ गणपतराव माणूस तसे बरे, पण त्यांचा एक नियम आहे. रेशमी साडी त्यांना विचारल्याशिवाय पसंतीला द्यायची नाही. दिली आणि खराब होऊन परत आली, तर देणारीनं दुसऱ्या दिवशीपासून तळघरात बसायचं. पसंतीला देणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात सगळ्या गोष्टी ऑनलाइन येतात त्यांच्यासाठी सांगते. साडी पैसे न देता घरी न्यायची, सासूला-जावेला दाखवायची, आरशासमोर खांद्यावर टाकून पाहायची, आणि नाही आवडली तर परत आणायची. सगळा मामला विश्वासाचा. विश्वास असा की गिऱ्हाईक साडी घरीच नेईल.

आता वेदिका मॅडम. मॅडम दुकानात आल्या की आधी कूलरसमोरची खुर्ची रिकामी करवतात, मग पाणी मागवतात, मग ते पुरेसं थंड नाही म्हणून परत पाठवतात. त्यानंतर साड्या. मी उघडत जायचं, त्यांनी मोबाइलमध्ये बघत मान हलवायची. गादीवर साड्यांचा डोंगर झाला, पलीकडच्या काउंटरवरची मुलगी दिसेनाशी झाली, की मॅडम उठून म्हणतात, "असंच बघायला आले होते. तुमच्याकडे क्लास नाही हो. याच्यापेक्षा बऱ्या साड्या आमची कामवाली नेसते." मी हसते. आमच्या धंद्यात हसू हे पगारात धरलेलं असतं.

त्या शनिवारी शेठ जेवायला घरी गेले होते, नेमक्या तेव्हा मॅडम आल्या आणि आल्या आल्या करवतकाठीवर बोट ठेवलं. भंडाऱ्याकडच्या विणकराची, अस्सल कोशाच्या रेशमाची, मधासारख्या रंगाची साडी. लाल काठ, आणि काठावर करवतीच्या दातांची नक्षी. त्या रंगाची एकच होती.

"ही घरी दाखवायला नेते. सोमवारी सांगते," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शेठ आले की विचारून..."

"म्हणजे? मी चोर दिसते तुला? ए, तुमच्याकडे मॅनेजर वगैरे कोणी आहे का? की अशाच बसवल्या आहेत बायका?"

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. एका आजींनी तर चष्मा लावला. मी साडी पिशवीत घालून दिली. ती देताना मी "सॉरी मॅडम" म्हटलं, आणि मॅडमनी ते पिशवीबरोबर मिळालेलं असल्यासारखं घेतलं.

रविवारी आम्हाला लग्न होतं. रविंद्रच्या ऑफिसातल्या माणसाचा मुलगा अर्णव, कामठी रोडवरचं सभागृह, दुपारचा मुहूर्त. मे महिन्यात दुपारचा मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना त्याच सभागृहात वर्षभर ठेवलं पाहिजे, असं माझं मत आहे. पण आम्ही मुलाकडचे. आम्हाला मत नसतं, आहेर असतो. आमच्या खालच्या मजल्यावरची माया आणि तिचे मिस्टरही आमच्याबरोबर होते. मायाचा सल्ला विचारावा लागत नाही. तो तयारच असतो.

मी खुर्चीवर टेकले, आईस्क्रीमचा पहिला चमचा तोंडात घातला, आणि समोरून माझी करवतकाठी चालत गेली.

आत वेदिका मॅडम होत्या. दागिन्यांनी लगडलेल्या, वधूच्या आईच्या हातात हात घालून, मिरवत. पदर वळला तेव्हा आतल्या बाजूला सेफ्टी पिनेने दुमडून ठेवलेली आमच्या दुकानाची चिठ्ठीही मला दिसली.

"तू काहून त्या बाईकडं टक लावून पाहून राहिली?" रविंद्रने विचारलं.

मी सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "मग फोटो काढून ठेव. पुरावा." या माणसाने आयुष्यभर सरकारी फायली सांभाळल्या आहेत, घराला आग लागली तरी आधी झेरॉक्स काढेल.

माया म्हणाली, "फोटो गिटो काय करतं वं? सरळ जाऊन सांग, साडी काढून द्या म्हणा. आपली वस्तू हाये."

"भर लग्नात?"

"मंग तिनं नाही भर लग्नात नेसली?" मायाचं म्हणणं तर्काला धरून असतं, ही तिची मोठी अडचण आहे. मी मान हलवल्यावर तिने दुसरा सल्ला काढला. "असं कर. तिच्या मांगं-मांगंच राह्य. कोणी काही सांडाले आलं का मधात घुस. दोन घंट्याची तर गोष्ट हाये."

हा सल्ला मला पटला. साडी डाग न पडता घरी गेली, की सोमवारी निमूटपणे शेल्फवर जाईल, आणि शेठना काही कळायचं कारण नाही. एवढं साधं काम. मी उठले, पदर खोचला आणि सुट्टीच्या दिवशी कामावर रुजू झाले.

मॅडमनी मला पाहिलं. एक क्षण त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही बाई लाजेल. पण लाजायला वेळ लागतो आणि मॅडमना कधीच वेळ नसतो. त्या चुटकी वाजवून म्हणाल्या, "ए, बरं झालं आलीस. जरा पाणी आण. थंड." आणि वधूच्या आईला, मुग्धाताईंना, माझ्याबद्दल सांगितलं, "आमच्या ओळखीतली आहे. कामाला फार चांगली." मुग्धाताई भल्या बाई. त्यांनी माझ्या हातात लगेच अक्षतांचं ताट दिलं.

अक्षता कुंकवाने लाल केलेल्या आणि उत्साहाच्या भरात जरा जास्तच ओल्या. मी ताट पहिल्या रांगेत देऊन धावत परत आले. मंगलाष्टकं सुरू झाली तशी मागच्या रांगेतून लाल तांदळाचा मारा सुरू झाला, आणि मी लग्नपत्रिका उघडून मॅडमच्या खांद्यावर धरली. मुलाकडच्या एका काकांनी मला विचारलं, "ह्या कोणी मोठ्या ऑफिसर आहेत का?" मी हो म्हटलं. आणखी काय सांगणार?

मग गुलाबपाण्याची झारी घेतलेली एक मुलगी आली. तिला मी नवरदेवाकडे वळवलं. मग लाल लिपस्टिक लावलेल्या एक मावशी हात पसरून मॅडमकडे धावल्या. मी मध्ये घुसले आणि ती मिठी माझ्या अंगावर झेलली. मावशी मला न ओळखता माझ्या खांद्यावर बराच वेळ रडल्या. माझ्या स्वतःच्या साडीवर लिपस्टिक, पावडर आणि आसवं असं सगळं लागलं. पण ती माझी होती, बिल भरलेली. मॅडम मागे वळून म्हणाल्या, "जरा लांब उभी राहा ना. गरम होतंय."

रविंद्र लांबून मला खुणा करून जेवायला बोलावत होता. मी नकार देत होते. त्यामुळे आमचं भांडण झालं आहे, अशी बातमी त्याच्या ऑफिसात पोचली, हे मला नंतर कळलं.

जेवणात पाटवडी रस्सा होता. वऱ्हाडी माणसाला आनंद झाला की तो रस्सा करतो, आणि जास्त आनंद झाला की वर बोटभर तर्री आणतो. त्या दिवशी मुलीकडच्यांना फारच आनंद झालेला दिसत होता. लाल तेलाखाली रस्सा आहे हे चमचा घालून बघावं लागत होतं. मॅडम ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. संशय नको म्हणून मीही ताट घेतलं, त्यात रस्सा घेतला आणि त्यांच्या मागे दबा धरून उभी राहिले.

तेवढ्यात एक वाढपी रश्श्याची बादली घेऊन वळला. बादली मॅडमच्या पदराच्या दिशेने आली. मी पुढे झेपावले, एका हाताने बादली अडवली. बादली अडली. एक थेंब सांडला नाही. त्या वाढप्याने अशी कसरत पाहिली नसेल. त्याने आदराने माझ्याकडे पाहिलं. मीही अभिमानाने पाहिलं. आणि मग लक्षात आलं की माझ्या दुसऱ्या हातातलं ताट तिरपं झालं आहे आणि त्यातला रस्सा करवतकाठीच्या पदरावर सावकाश उतरतो आहे.

"काय करून ठेवलं वं हे, बाई!" मॅडम किंचाळल्या. त्यांची कॉन्व्हेंटची भाषा एका झटक्यात गेली आणि खालची अस्सल नागपुरी वर आली.

"सॉरी मॅडम," मी म्हटलं. साडी माझ्या दुकानाची, नोकरी माझी, रस्सा माझा, आणि सॉरीही मीच म्हणत होते. सवय वाईट असते.

डाग रुपयाएवढा होता. खरं सांगते, रुपयाएवढाच. पण आपल्याकडे बायकांच्या घोळक्यात डाग पडला की तो सार्वजनिक होतो. एकीने टाल्कम पावडर आणून थापली. दुसरीने मीठ चोळलं. तिसरीने पर्समधून टूथपेस्ट काढली. लग्नाला ती टूथपेस्ट का आणली होती हे मी विचारलं नाही. माया लिंबू घेऊन आली आणि म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, मधात घुस म्हणून?" सगळ्यांचे उपाय झाल्यावर डाग पुरीएवढा झाला, आणि त्याला लिंबाचा वास येऊ लागला.

शेवटी पदर पाण्याने धुवायचं ठरलं. नळ वधूपक्षाच्या खोलीत. खोलीला कुलूप. किल्ली सभागृहाच्या मॅनेजरकडे. मॅनेजर टेबलफॅनसमोर बसला होता.

"खोली वधूपक्षाच्या नावावर हाये. ज्यानं बुकिंग केलं त्याची सही लागते," तो म्हणाला.

"अहो, डाग पडलाय."

"डागाचं वेगळं कलम नाही, ताई."

बुकिंग वधूच्या मामाने केलं होतं. मामा पंगतीत व्याह्यांना जिलबीचा आग्रह करत होते. ते आग्रह सोडून येईनात, कारण समोरचे व्याही नको म्हणायचे थांबेनात. मी कागद तिथेच नेला, मामांनी एका हातात जिलबीचं ताट सांभाळत सही केली. मॅनेजरने कागद उजेडात धरून पाहिला. "सही चिकट आहे. फायलीला मुंग्या लागतील. दुसरी आणा." दुसरी आणली. खोली उघडली. नळ सोडला. नळातून फुस्स आवाज आला आणि पाठोपाठ एक झुरळ.

"टाकी रिकामी हाये," मॅनेजर दारातून म्हणाला. "टँकरसाठी अर्ज वेगळा."

मग मी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने पदर धुवायला बसले. गुडघ्यावर. मॅडम वर उभ्या. त्या खाली पाहून म्हणाल्या, "साधं जेवता येत नाही नीट. जमत नसेल तर या लाइनमध्ये येता कशाला तुम्ही लोकं?"

मला रडू आलं, हे सांगून टाकते. रागाने आलं. माझी बोटं लिंबाने चुरचुरत होती, पोट रिकामं होतं, आणि ही बाई माझ्या काउंटरची चोरलेली साडी नेसून मला माझी लाइन शिकवत होती. चिठ्ठी माझ्या हाताशी होती. ती ओढून सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवली असती तर? पण दारात मुग्धाताई आल्या. "वेदिका, साडी काय सुरेख आहे गं! कुठली?"

"आमच्या यांनी भागलपूरहून आणली," मॅडम म्हणाल्या.

करवतकाठी, आणि बिहारमधल्या भागलपूरहून! आणि माझ्या हातांनी काय केलं? त्यांनी चिठ्ठी नीट दुमडून आत खोचली. हातांना कोणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकाचं झाकायची सवय, दुसरं काय?

सोमवारी मी देवाला नमस्कार करून दुकानात गेले आणि जाता जाता तळघराच्या जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. दुपारी मॅडम आल्या. पिशवी काउंटरवर आपटून शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पसंत नाही पडली. आणि डाग आधीपासूनच आहे. डागी माल गळ्यात मारता लोकांच्या?"

गणपतराव गल्ल्यावरून उठले. चष्मा पुसत आले. "पसंतीला? रेशमी? मले तर कोणी विचारलं नाही."

आता माझी बाजू बघा. मॅडमनी साडी नेसली होती असं सांगावं, तर शेठ विचारणार, तुले कसं ठाऊक? मी तिथे होते म्हणावं, तर मॅडम सांगणार, रस्सा कोणाच्या ताटातला. दोघींच्या गळ्यात एकच दोरी, आणि दोरीचं टोक शेठच्या हातात. शेठनी पिशवीत हात घातला.

त्याच वेळी काचेचं दार उघडलं आणि मुग्धाताई आत आल्या. "त्या माया सांगत होत्या, तुमच्याकडे कोशाच्या छान साड्या मिळतात. अय्या, वेदिका! तू इथे?"

मॅडमचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिली. नवरात्रात देवीसमोर बायका अशा बघतात. मी घाई केली नाही. समोरची एक साडी घडी केली. दुसरी घडी केली. तिसरी जरा जोरात झटकली.

"मॅडम भागलपूरची साडी घेऊन आल्या आहेत, ताई," मी म्हटलं. "फॉल-पिकोसाठी."

"हो, फॉलसाठीच," मॅडम पुटपुटल्या.

गणपतरावांचे केस या धंद्यात पांढरे झालेले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि पिशवीतला हात हळूच काढून घेतला. "मंग फॉलचं बिल भरून टाका, मॅडम."

शेठनी बिलावर आकडा लिहून पुढे सरकवला आणि मॅडमनी फोनवरून पैसे भरले. आमच्या गल्ल्यावर ती बोलकी पेटी आहे. रक्कम जमा झाली की खणखणीत आवाजात अख्ख्या दुकानाला सांगते. तिने करवतकाठीची पुरी किंमत सांगितली.

"फॉलचे एवढे?" मुग्धाताई दचकल्या.

"रेशमी फॉल आहे, ताई," मी म्हटलं.

मॅडम साडी घेऊन गेल्या. मुग्धाताईंना मी दुसरी छान साडी दाखवली, त्यांनी ती तिथेच घेतली. त्या दिवशी मी इतक्या आनंदाने घड्या घातल्या की काही साड्यांना पुन्हा इस्त्रीची गरज राहिली नाही. संध्याकाळी गणपतरावांनी बोलावलं.

"चारुबाई, आज तुम्ही कमाल केली. एवढी खडूस बाई, पण डागी साडी तिलेच विकून दाखवली, आन् तिची इज्जतही राखली. अशी बाई म्या रेशमावर बसवून फुकट घालवून राहिलो होतो."

मी लाजून पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून तुम्ही परत-बदलीच्या काउंटरवर बसा. जिन्याखाली. सारे भांडकुदळ गिऱ्हाईक तिथंच येते. तुमच्याशिवाय ते कोणाले जमणार नाही."

"शेठ, पण माझं रेशीम?"

"रेशीम काय, कोणीबी विकते वं."

रविंद्र म्हणाला, पगार तर तोच आहे. माया म्हणाली, जिन्याखाली डोकं सांभाळजो. मंगळवारी मी जिन्याखाली जाऊन बसले.

परत-बदलीच्या काउंटरवर पंखा आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून. भांडणाऱ्याला घाम येऊ नये म्हणून. शेठ पहिल्या दिवशी माझं कसब बघायला मुद्दाम शेजारी खुर्ची टाकून बसले. मी हसू लावलं आणि मान वर केली. रांगेत पहिल्याच वेदिका मॅडम. हातात तीच पिशवी.

"साडी परत करायची आहे," त्या म्हणाल्या. "डाग निघत नाही."

"डाग कशाचा आहे, मॅडम?"

मॅडमनी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाटवडी रश्श्याचा. तुमच्याच दुकानातल्या बाईने सांडला."

शेठ हसून माझ्याकडे वळले. "पाह्यलं, चारुबाई? कसे-कसे बहाणे करते लोकं. चला, पटवून द्या यायले."

इतक्या वर्षांत गिऱ्हाईक पहिल्यांदाच खरं बोलत होतं, आणि तेच खोटं पाडायला मला तिथे बसवलं होतं.